पंप पाठीवर घेण्याआधी

आपल्याकडे शेतातल्या विषाला औषध म्हणतात. ‘उद्या पराटीवर औषध मारायचं आहे’, ‘कृषी केंद्रातून औषध आणा’ आणि गावात एखाद्यानं जीव दिला की हलक्या आवाजात ‘त्यानं औषध घेतलं’. शब्द तोच. ज्या डब्यावर कवटी छापलेली आहे तो डबा आपण खोकल्याच्या बाटलीसारखा हातात धरतो, यामागे या शब्दाचाही वाटा आहे असं मला वाटतं. औषध हातावर सांडलं तर माणूस हात पँटला पुसतो. विष सांडलं तर तो पाण्याकडे धावेल. म्हणून या लेखात मी विष हाच शब्द वापरणार आहे. तुम्हीही घरात तो वापरून पाहा, निदान लेकरांसमोर तरी.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. यातल्या कुणी बाटली तोंडाला लावली नव्हती. ही माणसं कामावर गेली होती. घरी आल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, चक्कर आली, श्वास लागला, काहींना काही काळ डोळ्यांनी दिसेनासं झालं. त्या वर्षी पराटी माणसाच्या उंचीची झाली होती. गुलाबी बोंडअळी बीटी कापसालाही जुमानत नव्हती. मग फवारण्या वाढल्या, एका पंपात दोन-तीन विषं एकत्र पडू लागली. पुढे चौकशी झाली, विशेष तपास पथक नेमलं गेलं, आणि मजुरांनी मास्क-हातमोजे घातले नव्हते हे कारण सगळ्यांच्या तोंडी बसलं. ते कारण खोटं नाही, अर्धं आहे. भादव्यातल्या उन्हात, दाट पिकात, प्लॅस्टिकचा बंद पोशाख घालून दहा मिनिटंही उभं राहवत नाही, हे तो पोशाख सुचवणाऱ्यांनी एकदा अनुभवून पाहावं. आणि ज्याची मजुरी पंपांच्या संख्येवर ठरते तो माणूस डोकं दुखायला लागलं तरी थांबत नाही.

विष शरीरात कुठून जातं हे आधी नीट समजून घ्या, कारण बहुतेक चुका तिथंच होतात. आपली सगळी भीती नाका-तोंडाची असते. पंप घेणारा माणूस तोंडाला दुपट्टा बांधतो आणि निर्धास्त होतो. फवारणी करणाऱ्याच्या अंगात विष जाण्याचा सर्वात मोठा रस्ता मात्र कातडीचा आहे. आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन नावाच्या विषाची मोजमापं अमेरिकेत झाली होती, ती 1971 मध्ये प्रसिद्ध झाली. हाताच्या कोपरापुढच्या भागावर लावलेल्या विषापैकी सुमारे 9 टक्के शरीरात गेलं. डोक्याच्या कातडीतून 32 टक्के, कपाळातून 36, काखेतून 64. आणि पुरुषाच्या अंडकोषावरच्या कातडीतून जवळजवळ सगळंच. आता गळका पंप आठवा. झाकणातून पाझरलेलं पाणी पाठीवरून कमरेत उतरतं, पँट ओली होते, आणि माणूस तसाच चार-पाच तास चालत राहतो. घाम आणि उष्णतेनं कातडी आणखी मोकळी होते. तोंडाचा दुपट्टा कोरडा आणि जांघ ओली, अशा माणसाला मी सुरक्षित म्हणणार नाही.

त्यामुळे पहिलं काम पंपाचं. आदल्या संध्याकाळी त्यात नुसतं पाणी भरा, पाठीवर घ्या आणि वावरात दोन चकरा मारा. पाठ ओली झाली तर वायसर बदला, झाकण बदला, नळीची पट्टी आवळा. शंभर-दोनशे रुपयांचं हे काम महागड्या मास्कपेक्षा जास्त माणसं वाचवेल. पाठ आणि पंप यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिकचा तुकडा बांधा. दुसरा तुकडा कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत पुढून बांधा, कारण ओल्या पिकातून चालताना मांड्या भिजतात. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, लांब पँट आणि गमबूट हवेत. पँट बुटाच्या बाहेर ठेवा. ती आत खोचली की ओघळलेलं विष बुटात साचतं आणि पाय दिवसभर त्यात भिजत राहतो. हातमोजे नायट्रिलचे घ्या. कापडी मोजे विष शोषून घेतात आणि हाताला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात बरा, कारण तो निदान धुता तरी येतो. तोंडाच्या दुपट्ट्याचंही तेच होतं. तो ओला झाला की विष नाकाजवळ बांधून ठेवल्यासारखं होतं. एन-95 मास्क बारीक थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. तो ओला झाला की बदलायचा.

डब्यावरचा पतंगाच्या आकाराचा चौकोन पाहा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वात तीव्र, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हा रंग नियमानं बंधनकारक आहे. त्यामागे एक जुनी दुर्घटना आहे. 1958 मध्ये केरळ आणि मद्रास भागात जहाजातून आलेल्या पिठा-साखरेत वाटेतच पॅराथिऑन सांडलं होतं. ते खाऊन शंभराहून अधिक माणसं मेली. त्यानंतर 1968 चा कीटकनाशक कायदा आला आणि 1971 चे नियम आले. त्या नियमांत फवारणी करणाऱ्यांसाठी संरक्षक कपड्यांची आणि प्रथमोपचाराची तरतूदही आहे, हे मजूर लावणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

पण या रंगाची एक मर्यादा आहे. विष एकदाच मोठ्या मात्रेत पोटात किंवा कातडीतून गेलं तर किती जीवघेणं, एवढंच तो सांगतो. रोज थोडं थोडं, दहा वर्षं अंगात गेलं तर काय, ते सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये मॅलेथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्यांच्या गटात टाकलं. म्हणून हिरवा त्रिकोण दिसला की हातमोजे काढायचे, असा अर्थ काढू नका. आणि घरात मोनोक्रोटोफॉसची जुनी बाटली असेल तर ती वापरून संपवायच्या मागे लागू नका. ते लाल त्रिकोणाचं आहे, भाजीपाल्यावर मारायला कित्येक वर्षांपासून बंदी आहे, आणि त्याचं 36 टक्क्यांचं नेहमीचं द्रावण बंद करण्याचा आदेश केंद्रानं 2023 मध्ये काढला आहे.

सगळ्यात धोक्याची वेळ फवारणीची नसते, मिसळण्याची असते. बाटलीतलं विष पंपातल्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी तीव्र असतं. त्याचा एक शिंतोडा पंपभर पाण्याला भारी पडतो. तेव्हा हातमोजे आणि चष्मा बाकी कधी नाही तरी मिसळताना घाला. पंपात आधी अर्धं पाणी, मग मोजून विष, मग उरलेलं पाणी. झाकणानं अंदाज नको, मापाचा कप हवा. ढवळायला काठी घ्या. ड्रममध्ये हात घालून ढवळणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ती नवखी नव्हती, जुनी होती. दोन-तीन विषं आणि वर टॉनिक असं एकत्र करू नका. पिकावर त्याचा काय परिणाम होतो तो होवो, पण माणसाला विषबाधा झाली तर डॉक्टरनं नेमका कशावर उपचार करायचा? विहिरीवरून पाणी आणून ड्रम भरण्याचं काम बहुधा बाईकडे असतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि मुलांना या कामाच्या जवळपासही येऊ देऊ नका. ‘ती फक्त पाणी आणते’ हे खरं नसतं. शिंतोडे तिच्याही अंगावर उडतात.

नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायची सवय आपल्या हाडात भिनलेली आहे. खिशात एक जुना टूथब्रश ठेवा, तो याच कामाचा. खर्रा घोटणारे आणि बिडी ओढणारे इथं विशेष ऐका. विषाच्या हातानं खर्ऱ्याची पन्नी उघडली, चिमूट तोंडात गेली, की कातडीचा लांबचा रस्ता सोडून विष थेट ओठाखाली जाऊन बसलं. खर्रा सोडा असं मी इथं सांगत नाही, तो वेगळा विषय. पण वावरात जाताना तो घरी ठेवा. मोबाइलही घरी किंवा धुऱ्यावरच्या पिशवीत ठेवा. दिवसभर विषाच्या हातानं उचललेला तो मोबाइल रात्री लेकराच्या हातात असतो.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. वारा ज्या टोकाकडे जातो त्या टोकापासून सुरुवात करायची आणि एकेक ओळ वाऱ्याच्या येण्याच्या दिशेला सरकायचं. मग उडालेलं विष मारलेल्या ओळींवर जातं, तुमच्या अंगावर येत नाही. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. दुपारी अंग घामानं उघडं पडलेलं असतं. पीक छातीच्या वर गेलं असेल तर नळी डोक्यावर धरून फवारू नका. 2017 मध्ये याच एका गोष्टीनं अनेकांचा घात केला असावा. पराटीचे शेंडे वेळेवर खुडले तर झाड आटोक्यात राहतं आणि पंप खांद्याखालीच चालतो. वर मारावंच लागलं तर मोज्याची कड बाहेर दुमडा, म्हणजे हातावरून ओघळणारं पाणी काखेत न जाता त्या घडीत अडकेल. काखेचा आकडा वर दिला आहे.

मात्र विषापासून खरा बचाव फवारणी कमी करण्यात आहे. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, किंवा फुलं-बोंडं तपासून दहा टक्के किडकी निघाली, तरच फवारणीचा विचार करा. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही मारायचं, या चालीनं निम्म्या फवारण्या होतात असं मी अनुभवानं सांगतो. फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर वावर मोकळं करा, म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा राहत नाही. आणि शेतमालकांना एक विनंती. फवारणीची मजुरी पंपावर न देता दिवसावर द्या. धुऱ्यावर साबण, पाण्याचा ड्रम आणि एक जोडी कोरडे कपडे ठेवा. मजुराला मळमळलं तर त्या दिवसाची पूर्ण मजुरी देऊन घरी पाठवा. एवढं परवडत नसेल तर ती फवारणीच परवडत नाही.

काम संपल्यावर मोजे हातात असतानाच साबणानं धुवा, मग काढा. अंघोळ वावरातच करता आली तर उत्तम. नाहीतर घरी आल्यावर आधी न्हाणीघर, मग चहा. केस, कानामागचा भाग, नखं, जांघा साबणानं चोळून धुवा. अंघोळीआधी अंगाला तेल लावू नका, कारण बरीच विषं तेलात विरघळतात आणि तेलासोबत आत जातात. ते कपडे घरच्या बाकी धुण्यात टाकू नका. वेगळी बादली, दोनदा साबण, आणि वेगळ्या दोरीवर कडक ऊन. धुणाऱ्या बाईनंही हातमोजे घालावेत. गावोगाव हे काम उघड्या हातानं होतं आणि तिची डोकेदुखी कुणाच्या हिशेबात येत नाही. फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला किंवा वेचायला बायका पाठवू नका. पुन्हा आत जाण्याचा काळ लेबलवर दिलेला असतो, दिलेला नसेल तर किमान एक दिवस थांबा.

रिकाम्या डब्याबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या धर्मासती गंडामन गावी शाळेचं मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस निघालं. स्वयंपाकाचं तेल ज्या डब्यात ठेवलं होतं त्यात पूर्वी ते विष होतं. एक धुतलेला, चांगला दिसणारा, फेकून द्यायला जिवावर येणारा डबा! माझ्या लहानपणी आमच्याही घरी असल्याच एका पत्र्याच्या डब्यात रॉकेल ठेवलेलं असायचं आणि त्यातूनच कंदिलात ओतलं जायचं. कुणाला काही झालं नाही, ही निव्वळ दैवाची गोष्ट. डबा रिकामा झाला की तीनदा खळखळून धुवा, ते धुवण पंपातच ओता, मग खिळ्यानं डब्याला भोकं पाडा म्हणजे तो पुन्हा कुणाच्या कामाचा राहणार नाही. जाळू नका, नदी-नाल्यात टाकू नका, विहिरीजवळ तर नाहीच. विष नेहमी मूळ डब्यातच ठेवा. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवणं म्हणजे घरात सापळा लावून ठेवणं.

आणि डबा कुलपात ठेवा. हे मुलांसाठी तर आहेच, मोठ्यांसाठीही आहे. श्रीलंकेनं नव्वदच्या दशकात सर्वात तीव्र कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. वाईट घटका येते आणि जातेही. त्या घटकेला विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो. घरात कुणी फार खचलेलं असेल तर ती किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवा, त्या माणसाशी बोला. 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर कुठल्याही वेळी मोफत बोलता येतं, मराठीतही.

आता लक्षणं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली विषं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं एक विकर बंद पाडतात. नसांनी दिलेला हुकूम मग थांबतच नाही, ग्रंथी आणि स्नायू चालूच राहतात. म्हणून तोंडाला पाणी सुटतं, डोळे वाहतात, खूप घाम येतो, पोटात मुरडा येऊन उलटी-जुलाब होतात, स्नायू उडतात, छातीत घरघर होते आणि डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. सुरुवातीला याला ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून देतात. ऊन लागलेल्या माणसाचं तोंड बहुधा कोरडं पडतं. विषबाधेत तोंडातून लाळ येते आणि बाहुली बारीक होते. पण सगळी विषं या गटातली नसतात. त्यामुळे यातलं काहीच दिसलं नाही तरी फवारणीनंतर डोकं गरगरणं, मळमळ, अंधुक दिसणं एवढंही दवाखान्यात जायला पुरेसं आहे. जे दर हंगामात पंप घेतात त्यांनी मे महिन्यातच रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी करून तो कागद जपून ठेवावा. हे प्रमाण माणसागणिक वेगळं असतं, म्हणून हंगामातल्या तपासणीची तुलना स्वतःच्याच जुन्या आकड्याशी करता आली पाहिजे.

विषबाधेची शंका आली तर माणसाला वाऱ्यावर आणा, अंगावरचे सगळे कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा. धुणाऱ्यानं हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या तरी घालाव्यात. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा. दूध, तूप, मिठाचं पाणी, लिंबू यातलं काही पाजू नका आणि उलटी काढू नका. बऱ्याच द्रावणांत रॉकेलसारखे पदार्थ असतात, ते उलटीसोबत फुप्फुसात गेले तर दुखणं दुप्पट होतं. माणूस गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर निजवा. 108 ला फोन करा. सोबत विषाचा डबा पिशवीत बांधून न्या, लेबल फाडून नव्हे, डबाच. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र सल्ला देतं आणि डॉक्टरही तिथं विचारू शकतात. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं असेल तर ते आवर्जून सांगा. त्याला उतारा नाही. पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो आणि नंतर फुप्फुसं निकामी होतात, म्हणून ‘आता ठीक आहे’ म्हणत घरी थांबू नका.

ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत दवाखान्यात ॲट्रोपिनची इंजेक्शनं सुरू झाली की रुग्णाचं तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, तो बडबडतो, हातपाय झाडतो. नातेवाईक घाबरतात आणि ‘दुसरीकडे नेऊ’ म्हणतात. बऱ्याचदा तो उपचाराचाच परिणाम असतो. डॉक्टरांना विचारा, पण अर्ध्यावर हलवू नका.

आणि माणूस बोलायला लागला, जेवायला मागू लागला, म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन येऊ नका. ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत पहिल्यापासून चौथ्या दिवसाच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. त्या चार दिवसांत रुग्णाजवळ बसणाऱ्यानं दर दोन-तीन तासांनी त्याला एकच गोष्ट सांगायची: उताणं निजून उशीवरून डोकं वर उचल. उचलता आलं नाही, किंवा उचललेलं डोकं टिकलं नाही, तर वाट न पाहता नर्सला हाक मारायची. रात्रीचे तीन वाजले असले तरी.